चाकांवरचें घर आणि त्याचे चार पाय

सन २०२३ च्या जून महिन्यांत आम्ही उभयतां ज्येष्ठ चिरंजिवाकडे अमेरिकेस गेलों व ऑक्टोबरअखेर परत आलों. चि. माधव शिकागो शहराच्या पश्चिमेस नेपरव्हिल या गांवीं असतो. शिकागोच्या गगनचुंबी इमारती, तेथील वस्तुसंग्रहालयें, नायगाराचा धबधबा यांचीं वर्णनें वाचकांनीं या ना त्या प्रवासवृत्तांत वाचलींच असतील, आणि हल्लीं तर घरोघरचें कोणी ना कोणी तीं स्वतः पाहूनहि आलेलें असतें. म्हणून त्या वाटेस आम्ही जात नाहीं. आम्हांस सांगावयाची आहे ती हकीकत एका चाकांवरच्या घराची, आणि त्यास आम्हीं बापलेकांनीं बसविलेल्या विजेच्या चार पायांची. विषय क्षुल्लक दिसेल. परंतु त्यांत आमच्या सौभाग्यवतींच्या औषधाचा प्रश्न गुंतला होता, आणि चिरंजिवाच्या कमरेचाहि.

या घरास तिकडे ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात. त्यास स्वतःचें इंजिन नसतें. बैलगाडीच्या साट्यापुढें दांडी निघते तशी याच्या पुढच्या अंगास लोखंडाची त्रिकोणी दांडी निघते. तिच्या टोंकाची खोलगट वाटी ओढणाऱ्या मोटारीच्या मागील लोखंडी गोळ्यावर बसवावयाची व खिट्टी लावावयाची, कीं घर चालूं लागलें. माधवनें घेतलेला ट्रेलर जुना, २४ फूट लांब, मधोमध दोन आंस व चार चाकें असलेला. आंत निजावयाच्या दोन जागा, स्वयंपाकाचा ओटा, चूल, फ्रिज, न्हाणीघर, शौचकूप, सारें कांहीं आगगाडीच्या डब्यांतल्याप्रमाणें दाटीवाटीनें बसविलेलें. सामानासुमानासह वजन सुमारें २,५०० किलो. इंडियाना राज्यांतील एल्कहार्ट गांव व त्याच्या आसपासचा मुलूख हें या धंद्याचें माहेरघर. अमेरिकेंत बनणाऱ्या असल्या घरांचा फार मोठा वांटा तेथून बाहेर पडतो.

सौभाग्यवतींनीं तें घर प्रथम पाहिलें तेव्हां आंत पाऊल टाकण्यापूर्वीं वांकून त्याच्या खालीं पाहिलें. ‘अहो, याला जोतें नाहीं!’ असें त्या म्हणाल्या. वाईस आमच्या घराचें जोतें काळ्या दगडाचें, पांच पायऱ्यांचें आहे, आणि आमच्या पणजोबांनीं तें बांधल्यापासून एक दोराभरहि खचलेलें नाहीं, हा त्यांच्या अभिमानाचा विषय. आम्हीं तें बोलणें हंसण्यावारीं नेलें. पुढें जें कांहीं घडलें त्याचें सारें मर्म त्या एका वाक्यांत होतें, हें ध्यानांत यावयास आम्हांस एक महिना लागला.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यांत पहिली सहल निघाली. मिशिगन सरोवराच्या दक्षिण टोंकास, इंडियाना राज्यांत, वाळूच्या टेकड्यांचा एक लांबलचक पट्टा आहे. त्याच्या कांहीं भागाचें १९२५ सालीं राज्याचें उद्यान झालें, सभोंवतालच्या किनाऱ्यास १९६६ सालीं मध्यवर्ती सरकारचें संरक्षण मिळालें, आणि २०१९ सालीं त्यास राष्ट्रीय उद्यान हें नांव प्राप्त झालें. स्थळ मोठें विलक्षण आहे. एका अंगास गॅरी गांवचे पोलादाचे कारखाने धूर सोडीत उभे, आणि दुसऱ्या अंगास शुभ्र वाळू, ओक वृक्षांचीं रानें व अफाट पाणी. सरोवर म्हणावयाचें एवढेंच. क्षेत्रफळ सुमारें ५८,००० चौरस किलोमीटर. उत्तरेकडे पाहिलें तर पैलतीर दिसत नाहीं. स्वच्छ हवेंत वायव्येस मात्र शिकागोच्या इमारती पाण्यांतूनच उगवल्यासारख्या दिसतात. सौभाग्यवतींनीं ओंजळभर पाणी तोंडांत घेऊन पाहिलें, आणि तें गोडें निघाल्यावर ‘हा समुद्र फसवा आहे’ असा शेरा मारला.

हेन्री काउल्स नांवाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानें याच टेकड्या पायीं हिंडून १८९९ सालीं आपला प्रसिद्ध अभ्यास छापला. पाण्याच्या कांठापासून आंत जावें तों आधीं उघडी वाळू, मग गवत, मग झुडपें, मग मोठें अरण्य; म्हणजे शेंकडों वर्षांचा क्रम तासाभराच्या चालण्यांत पाहावयास मिळतो. गवताच्या मुळ्यांनीं वाळू धरली कीं टेकडी स्थिर होते. मुळ्या तुटल्या कीं ती वाऱ्याबरोबर चालूं लागते. माउंट बाल्डी नांवाची सुमारें १२५ फूट उंचीची एक टेकडी अशीच दरवर्षीं कांहीं फूट आंत सरकत आहे आणि वाटेंत येईल तें झाड गिळीत आहे. गिळलेलें झाड वाळूखालीं कुजतें व त्याच्या जागीं पोकळी राहते. २०१३ सालीं असल्याच एका पोकळींत सहा वर्षांचा एक मुलगा पडला व तीन तासांहून अधिक वेळ वाळूखालीं गाडला गेला. खणून काढला तेव्हां सुदैवानें तो जिवंत निघाला. आम्ही गेलों तेव्हां त्या टेकडीवर एकट्यादुकट्यास चढूं देत नव्हते. आम्हीं ती खालूनच पाहिली, आणि वरून कोरडी व भक्कम दिसणारी ती वाळू बराच वेळ मनांतून गेली नाहीं.

आमचा मुक्काम तेथून जवळच एका तळावर होता. तळावर विजेची सोय नव्हती आणि आमच्या वांट्यास आलेली जागा उतरती होती. ट्रेलर मोटारीपासून सोडविला कीं त्याचा भार मधल्या चाकांवर व दांडीखालच्या एका टेकूवर राहतो. डावेंउजवें सारखें करावयाचें तर सखल बाजूच्या चाकांखालीं फळ्या घालून घर त्यांवर चढवावें लागतें; पुढचेंमागचें सारखें करावयाचें तर दांडीखालचा टेकू खालींवर करावा लागतो. मग चारी कोपऱ्यांस असलेले कात्रीसारखे जॅक हातानें दांडा फिरवून जमिनीस टेकवावयाचे. हे जॅक केवळ घर डुलूं नये एवढ्यासाठीं असतात. भार उचलण्याची त्यांची ताकद नसते. हें सारें काम गुडघे टेकून, प्रसंगीं चिखलांत पालथें पडून करावें लागतें. माधवच्या कमरेचा मणका आदल्या हिंवाळ्यांत दारापुढचा बर्फ ओढतांना सरकला होता. तीन वेळां घर फळ्यांवर चढवून व उतरवून झालें, आणि चौथ्या वेळीं त्यास उठतां येईना. मोटारीच्या दारास धरून तो उभा राहिला व म्हणाला, ‘नाना, एवढें चालेल. एकाच रात्रीचा तर प्रश्न आहे.’ आम्हांसहि चालेल असेंच वाटलें.

सकाळीं फ्रिज उघडला तों आंत भट्टीची ऊब. दूध नासलें होतें, त्याचें कांहीं नाहीं. परंतु सौभाग्यवती गेलीं नऊ वर्षें इन्सुलीन घेतात, आणि तीन महिन्यांच्या बेताच्या साऱ्या कुप्या त्याच फ्रिजमध्यें होत्या. सूनबाईनें तत्काळ औषधविक्रेत्यास दूरध्वनि केला. त्यानें सांगितलें कीं, ३० अंश सेंटिग्रेडच्या खालीं राहिलें असेल तर औषध लगेच वायां जात नाहीं, पण आजपासून सुमारें चार आठवड्यांत तें संपविलें पाहिजे. पुढचें नवें घ्या. नवें घ्यावयाचें म्हणजे तेथील डॉक्टरास दाखवून घ्यावयाचें. तो खर्च किती झाला हें आम्हीं सौभाग्यवतींस अद्याप सांगितलेलें नाहीं, आणि त्या हें मासिक वाचतात म्हणून येथेंहि लिहीत नाहीं.

घर कलतें होतें म्हणून फ्रिज बंद पडावा, हें आम्हांस प्रथम पटेना. परंतु त्या फ्रिजची रचना समजून घेतली तेव्हां कोडें उलगडलें. आपल्या घरच्या फ्रिजमध्यें विजेचा पंप असतो. त्या गाडीच्या फ्रिजमध्यें पंप मुळींच नाहीं. प्लाटेन व मुंटर्स या स्वीडनमधल्या दोन विद्यार्थ्यांनीं १९२२ सालीं ही युक्ति शोधून काढली. अमोनिया वायु पाण्यांत विरघळविलेला असतो. खालीं लहानशी ज्योत लावली कीं अमोनियाची वाफ वर चढते, वर थंड होऊन तिचें पाणी होतें, तें उतारावरून खालीं येतां येतां हायड्रोजनच्या सहवासांत पुन्हां वायुरूप होतें आणि वायु होतांना भोंवतालची उष्णता शोषून घेतें. मग पाण्यांत मिसळून पुन्हां ज्योतीपाशीं येतें. म्हणजे थंडी ज्योतीपासून निघते! या चक्रांत वाफेचा प्रवास वर आणि द्रवाचा प्रवास खालीं, तो केवळ गुरुत्वाकर्षणाच्या जोरावर. नळ्यांस दिलेला उतार अगदीं बेतशुद्ध असतो. घर कललें कीं तो उतार बिघडतो, द्रव कोठें तरी तुंबतो, ज्योतीवरचें पात्र कोरडें पडून तापतें, आणि थंडी निर्माण होईनाशी होते. असें वारंवार झालें तर फ्रिज कायमचा निकामी होतो.

परत आल्यावर माधवनें ट्रेलर विकावयाचें ठरविलें. कमरेस तें काम झेपत नाहीं आणि आईच्या औषधाशीं खेळ नको, असें त्याचें म्हणणें. तें रास्तच होतें. पण नातू ईशान दोन दिवस कोणाशीं बोलेना. नेपरव्हिलच्या घरीं चौघांचीं तोंडें चार पडद्यांकडे असतात. त्या वाळूवरच्या एका संध्याकाळीं मात्र माधव ईशानला आपल्या लहानपणच्या गोष्टी सांगत होता, आणि त्यांतल्या दोन आम्हांसहि नव्या होत्या. हें आम्हीं बोलून दाखविलें नाहीं. तेवढ्यांत माधवच्या एका सहकाऱ्यानें उपाय सुचविला कीं, चारी कोपऱ्यांस विजेचे पाय बसवा. बटण दाबलें कीं घर आपलें आपण समतल होतें. यंत्रामुळें मनुष्य आळशी बनतो, या विषयावर पस्तीस वर्षें आम्हीं मुलांकडून निबंध लिहवून घेतले. त्या दिवशीं मात्र मोटारीच्या दारास धरून उभा असलेला मुलगा डोळ्यांपुढें आला, आणि आम्हीं तोंड मिटून घेतलें.

माधवच्या वसाहतींत असली गाडी दारापुढें उभी करण्यास मनाई आहे. म्हणून ऑगस्टमध्यें एका शनिवारीं आम्ही ट्रेलर घेऊन त्या सहकाऱ्याच्या शेतावर गेलों. शेत डीकाल्ब गांवाजवळ, दृष्टि पोहोंचेल तेथवर मका. (काटेरी तारेच्या कुंपणाचें पेटंट ग्लिडन नांवाच्या शेतकऱ्यानें १८७४ सालीं घेतलें तें याच गांवीं.) कोठारापुढें सिमेंटचें सपाट आंगण होतें. तेथें चाकांस पाचरी लावल्या, बॅटरीची ऋण बाजूची तार प्रथम सोडविली, आणि सांगाड्याखालीं लोखंडी टेकू दिले. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखालीं शिरणें म्हणजे मृत्यूस आमंत्रण, हें त्या शेतकऱ्यानें आम्हांस दोनदां बजावलें.

एकेक पाय म्हणजे पंधरावीस किलोंची उभी लोखंडी नळी. तिच्या आंत स्क्रू, डोक्यावर बारा व्होल्टची मोटर, तळाशीं रुंद पावलासारखी पत्र्याची तबकडी. मोटर फिरली कीं स्क्रू फिरतो व आंतली नळी खालीं उतरते. ट्रेलरच्या पोटाखालून दोन लांब पोलादी तुळया जातात. त्यांच्या बाहेरच्या अंगास, चारी कोपऱ्यांजवळ, हे पाय बोल्टांनीं आवळावयाचे. छिद्रें पाडण्यापूर्वीं मागच्या बाजूस गॅसची नळी, तारा किंवा पाण्याची टांकी नाहीं ना, हें पाहण्यांत अर्धी सकाळ गेली, आणि ती सत्कारणीं लागली. उजव्या मागच्या कोपऱ्यांत तुळईला अगदीं चिकटून गॅसची नळी गेलेली निघाली. जागा चार बोटें पुढें सरकविली. उघड्या पडलेल्या लोखंडास रंग लावण्याचें व बोल्ट मोजून देण्याचें काम ईशानकडे. विजेरी धरण्याचें आमच्याकडे. माधव चटईवर उताणा पडून काम करी आणि दर अर्ध्या तासानें उठून फेऱ्या घाली. जाड तांबडी तार पुढच्या बॅटरीपर्यंत नेली, आणि बॅटरीपासून वीतभर अंतरावरच फ्यूज घातला, म्हणजे तार कोठें घांसून उघडी पडली तरी आग लागूं नये. दुपारीं चार वाजेपर्यंत तीन पाय बसले, चौथा दुसऱ्या दिवशीं.

आमचा खरा उपयोग झाला तो भूमितीपुरता. ईशाननें विचारलें, ‘आजोबा, चारहि पाय एकदम खालीं कां नाहीं सोडायचे?’ तीन बिंदूंतून एकच पातळी जाते; म्हणून तीन पायांची अडणी सारवलेल्या ओबडधोबड जमिनीवरहि डगमगत नाहीं, आणि चार पायांचा चौरंग डगमगतो, कारण चौथा पाय नेहमीं उपरा असतो. डगमगणें थांबविण्याकरितां त्यास जबरीनें टेकविलें तर चौरंग पिळतो. ट्रेलरचेंहि तेंच. सांगाडा पिळला गेला कीं दारें अडकतात, खिडक्यांच्या फटी वाढतात. म्हणून नियंत्रकाची पेटी पायांच्या जोड्या लावून काम करते: आधीं पुढचे दोन मिळून पुढचेंमागचें सारखें करावयाचें, मग सखल बाजूचे दोन मिळून डावेंउजवें, आणि जे अधांतरीं राहिले असतील त्यांनीं शेवटीं येऊन जमिनीस केवळ टेकावयाचें. टेकल्याचें पेटीस कसें कळतें? भार आला कीं मोटर अधिक वीज ओढूं लागते, त्या वाढीवरून. चाकें मात्र जमिनीवरून सुटूं द्यावयाचीं नाहींत. बटण दाबून सारें होतें हें खरें, पण त्या बटणामागें कोणी तरी चौरंगाचा विचार केलेला आहे हें पाहून आमचा राग पुष्कळसा निवळला.

आतां आमची चूक. पेटीला समतल म्हणजे काय हें उपजत ठाऊक नसतें. तें तिला एकदां शिकवावें लागतें. पाय खालींवर करून घर हातानें समतल करावयाचें, आणि ‘हें शून्य’ असें बटण दाबून तिला सांगावयाचें. त्यानंतर ती जन्मभर त्याच शून्याशीं घराची तुलना करते. सूर्यसिद्धांतांत शंकु उभारण्यापूर्वीं शिलातल पाण्यानें सम करून घेण्यास सांगितलें आहे; तें आम्हीं मुलास मोठ्या प्रौढीनें ऐकविलें, आणि पाणसळ लावण्याचें काम मागून घेतलें. ती आम्हीं ठेविली स्वयंपाकाच्या ओट्यावर. बुडबुडा मधोमध आला, माधवनें बटण दाबलें, पेटीवर हिरवा दिवा लागला. सर्वांनीं टाळ्या वाजविल्या.

मग सौभाग्यवतींनीं आंत पानें वाढलीं. आमच्या ताटांतली आमटी भाताच्या आळ्यांत राहीना. ती लोणच्याकडे धांवूं लागली. ‘यंत्राला विचारा, लोणचें कोणत्या बाजूला वाढूं,’ त्या म्हणाल्या. ईशाननें जमिनीवर गोटी ठेविली. ती न्हाणीघरापर्यंत गेली. पेटीवरचा दिवा तर हिरवा! पाहतां पाहतां उलगडा झाला कीं, त्या जुन्या गाडीचा ओटाच भिंतीपाशीं खचलेला होता, आणि आम्हीं साऱ्या घरास त्या खचलेल्या ओट्याचें शील लावलें होतें. चिरंजीव कांहीं बोलला नाहीं. आम्हींहि आमटी मुकाट्यानें खाल्ली. पाणसळ आतां ठेवावी कोठें? ओट्यावर नको, लाकडी जमीनहि जागोजाग फुगलेली. तेव्हां सौभाग्यवतींनीं फ्रिजचें दार उघडलें. ‘ज्याच्यासाठीं एवढा खटाटोप, त्याच्याच पोटांत ठेवा कीं.’ बर्फाच्या कप्प्याच्या तळावर पाणसळ एकदां उभी, एकदां आडवी ठेवून शून्य पुन्हां शिकविलें. फ्रिजसोबत आलेली जुनी पुस्तिका नंतर सांपडली. तिच्यांत तीच जागा सांगितलेली होती.

सप्टेंबरअखेर आम्ही पुन्हां त्याच टेकड्यांपाशीं गेलों. ओकचीं पानें नुकतीं तांबूस होऊं लागलीं होतीं व वारा बोचरा होता. जागा या खेपेसहि उतरती. माधवनें मोटार सोडविली व ईशाननें बटण दाबलें. घर गुरगुरलें, पुढून थोडें उचललें, आणि मागला डावा पाय वाळूंत रुतूं लागला. पेटीनें कर्कश सूर काढून काम थांबविलें. आम्हांस माउंट बाल्डीच्या पोटांतली पोकळी आठवली. पाय वर घेऊन चारी तबकड्यांखालीं दोन इंच जाडीच्या हातभर लांबरुंद फळ्या घातल्या. दुसऱ्यांदां पाय टेकले ते टेकलेच. चार मिनिटें लागलीं. माधवचे गुडघे कोरडे होते.

त्या रात्रीं सौभाग्यवतींनीं फ्रिजमध्यें कुप्या ठेवल्या, शेजारीं वाटीभर विरजण लावून ठेवावयाच्या होत्या, पण थंडींत तें लागणार नाहीं म्हणून वाटी चुलीजवळ ठेविली. रात्रीं दोनदां उठून त्यांनीं फ्रिजमधला काटा पाहिला. आम्हीं जागे असून निजल्याचें सोंग केलें. सकाळीं काटा ३८ फॅरनहाइटवर होता, म्हणजे आपले तीन अंशांच्या जरा वर. दहीं मात्र लागलें नाहीं.

निघण्याच्या दिवशीं ईशाननें फळ्यांवरची वाळू झटकून त्या मोटारींत ठेवल्या. पायांना हातानें फिरविण्याचा एक दांडाहि मिळाला होता. बॅटरी उतरली तर पाय वर घेण्यास तोच उपयोगी. तो माधवनें दाराच्या आंतल्या बाजूस अडकविला आहे, आणि तो कसा लावावयाचा हें तळावरच वांकून नातवास दाखविलें. वांकला तो ईशान. माधवनें उभ्यानें नुसतें बोट दाखविलें.